हो म्हणणाऱ्यांचं घर

आमच्या ह्यांच्या तोंडात 'नाय' हा शब्द देवानं घातलाच नाय. नाव कारभारी, पण सगळा कारभार 'हो'वर चालतो. कोणी म्हणलं, कारभारी, उद्या सकाळी ट्रॅक्टर पाहिजे, तर हो. त्याच सकाळसाठी दुसऱ्यानं मागितला, तरी हो. मग सकाळी दोघं दारात उभे, अन् हे मागच्या दारानं वैरण आणायला पसार. दारातल्या माणसांना चहा करून त्यांची समजूत कोणी काढायची, तर ह्या शकूबाईनं, म्हणजे मी. पंचवीस वर्षं हेच चाललंय.

हॉलंडची माणसं आमच्या गळ्यात पडली तीबी अशीच. विंचूरला एका कंपनीनं कांदा टिकवायची नवी मशिनं आणली. ती बसवायला अन् इथल्या लोकांना शिकवायला यान नावाचा माणूस आला, बायकोला घेऊन. आम्हाला कांदा शिकवायला माणूस हॉलंडवरून यावा, हे ऐकूनच मी कपाळाला हात लावला होता. कंपनी त्यांना नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट देत होती. लिफ्ट, चोवीस तास पाणी, खाली दुकानं. पण बायको म्हणाली, मला शेतात राहायचंय. आता ह्याला काय म्हणावं? आमच्या पोरी शेतातून बाहेर पडायला बघतात अन् ही विमानात बसून शेतात यायला निघाली. कंपनीच्या साहेबानं चहाच्या टपरीवर ह्यांना विचारलं, "कारभारी, तुमच्याकडं एखादं घर मिळेल का?" हे म्हणाले, "हो, हाय ना. तयारच हाय."

घर होतं. मळ्यात आमच्या घरासमोरच पोरासाठी म्हणून बांधायला घेतलेलं, पण पोरगा पुण्याला गेला अन् तिकडंच रमला, म्हणून काम अर्धवट पडलेलं. खिडक्यांना चौकटी होत्या, झडपा नव्हत्या. न्हाणीत फरशी नव्हती. साहेब म्हणाला, पंधरा दिवसांत येतील. हे म्हणाले, हो हो. त्या पंधरा दिवसांत गवंड्याच्या अन् सुताराच्या मागं फिरून माझ्या चपला झिजल्या, अन् हे लोकांना सांगत फिरत होते की आपल्याकडं फॉरेनर येणार हायत.

फेब्रुवारीत आली दोघं. यान पन्नाशीचा, दारात वाकून यावं लागेल एवढा उंच, बोलणं कमी. बायको मरीका, चाळिशीच्या आतली, केस पोरासारखे बारीक कापलेले. ती घरी बसून लॅपटॉपवर भाषांतराचं काम करते, त्यामुळं भाषा शिकायची तिला भारी हौस. आल्या आल्या वही काढली अन् मला म्हणाली, "माझं नाव मरीका आहे. तुमचं नाव काय आहे?" पुस्तकातून शिकून आलेली. माझी पोरगी स्नेहा सुटीला आली की तिच्याकडून बाकीचं शिकायची. दोन महिन्यांत बाई भडाभडा बोलायला लागली. भाषा आली, पण बोलायची रीत काय तिला आली नाय.

म्हणजे बघा. मी हौसेनं शेवग्याच्या शेंगांची भाजी दिली. संध्याकाळी डबा परत आणला तिनं, घासून पुसून, कोरडा ठाक, आत काही नाय. आमच्यात शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. ते जाऊ द्या, माहीत नसेल. पण वर म्हणाली, "शकूताई, आज भाजी चांगली नाही. मीठ फार आहे." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाय. तिला तर ते कळलंसुद्धा नाय. तिसऱ्या दिवशी हसत आली अन् विचारते, "तुम्ही आजारी होता का?"

एकदा मला कॉफी प्यायला बोलावलं. बोलावलं ते तरी कसं, तर गुरुवारी साडेचार वाजता. समोर राहते मी, वीस पावलं, अन् मला टाइम दिला. गेले. कॉफी दिली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, माझ्यापुढं धरला. मी एक घेतलं. तिनं एक घेतलं. अन् डबा बंद केला. कपाटात ठेवून दिला, माझ्यादेखत. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "असेल त्यांच्यात तसं." ह्यांना कशाचंच वाईट वाटत नाय.

मार्च संपला अन् ऊन तापायला लागलं, तशी खरी परीक्षा सुरू झाली. माझी, त्यांची नाय.

आम्ही सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घेतो, पडदे ओढतो, घर आत गार राहतं. त्या दोघांनी भर दुपारी सगळी खिडकी-दारं सताड उघडी टाकलेली. का, तर वारा येतो. येतो ना, भट्टीतला येतो. मी जाऊन सांगितलं, "मरीका, बंद कर." ती म्हणाली, "मग हवा कुठून येईल?" मी म्हणलं, "संध्याकाळी येईल." तिनं वहीत लिहून घेतलं अन् खिडकी उघडीच ठेवली.

एप्रिलमध्ये तर बाई दुपारी एकला गच्चीवर चटई टाकून उन्हात पडली. मुद्दाम. अंगाला तेल लावून. मी आमच्या गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या हलवायला गेले तर समोर ही. मी तिथूनच ओरडले, "अगं मरशील." ती म्हणाली, "आमच्या देशात ऊन कमी असतं, म्हणून आम्हाला आवडतं." दुसऱ्या दिवशी लालबुंद. पाठीवर हात ठेवता येत नव्हता. मी कोरफडीचा गर काढून चोळला, तेव्हा म्हणाली, "शकूताई, तुम्ही बरोबर होता." एवढं मात्र हाय बाईचं. चुकलं तर चुकलं म्हणते.

यानची तऱ्हा वेगळीच. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अन् घरची लाईट तिच्या मर्जीनं. त्यानं भिंतीवर तक्ता लावला. कधी गेली, कधी आली, मिनिटासकट. मग तक्ता घेऊन ह्यांच्याकडं यायचा, मरीका मधे बसून सांगायची की यान म्हणतो, मंगळवारी अकरा दहाला गेली, आज अकरा दहाला का गेली नाही? जसं काय हेच खांबावर चढून फ्यूज काढतात. हे म्हणायचे, "हो हो, सांगतो मी त्यांना." कोणाला सांगणार होते, देव जाणे. यान मान हलवून निघून जायचा. त्याला वाटायचं काम झालं.

अन् तिथंच सगळा घोळ होता. त्या माणसांना 'हो' म्हणजे हो वाटायचं. न्हाणीचा नळ गळतो, उद्या प्लंबर येईल का? हो. टाकीला झाकण बसवाल का? हो हो. मग दुसऱ्या दिवशी दोघं सकाळपासून घरात प्लंबरची वाट बघत बसायची. विंचूरला जायचं रद्द करायची. संध्याकाळी मरीका तोंड पाडून माझ्याकडं. शेवटी एक दिवस मी तिला ओट्यावर बसवलं अन् समजावलं. म्हणलं, "हे बघ, ह्यांचं हो ऐकायचं नाय. ह्यांच्या डोळ्यांकडं बघायचं. हो म्हणताना तुझ्याकडं बघत असतील तर होईल. बैलाकडं नायतर आभाळाकडं बघत असतील तर विसरून जा." मरीकानं हेबी लिहून घेतलं. मग मला विचारलं, "पण ते नाही का म्हणत नाहीत?" मी म्हणलं, "समोरच्याला वाईट वाटतं." ती म्हणाली, "मला तर वाट बघून जास्त वाईट वाटतं." खरंच होतं ते. माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं.

मी मात्र ह्यांच्यासारखी नाय, असं मला कायम वाटायचं. मी तोंडाची फटकळ, सगळा गाव सांगेल. जे असेल ते तोंडावर.

मेच्या पहिल्या आठवड्यात माझी नणंद चतुराबाई निफाडहून स्थळ घेऊन आली. येवल्याकडचं घर, पंधरा एकर बागायत, मुलगा रविराज चाकणला कंपनीत. एकुलता एक. मुलाची आई मंगलाबाई, स्वभावानं लय चांगली, म्हणे सुनेला लेकीसारखी ठेवील. मी तर हरखून गेले. स्नेहा तेवीस वर्षांची, डी.फार्म. झालेली, नाशिकला एका मेडिकलमध्ये नोकरीला. नाशिक रोडला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. तिला पुढं बी.फार्म. करायचं होतं, ते मला माहीत होतं. दोन वर्षं झाली ती बोलत होती. पण चतुराबाई म्हणाली, "लग्नानंतर शिकू दे की. मंगलाबाई काय नाय म्हणायच्या नायत." मग तर प्रश्नच मिटला.

स्नेहाला सांगितलं. जेवताना सांगितलं, ताटात भात वाढता वाढता. म्हणलं, "रविवारी येतायत बघायला." तिनं विचारलं, "पप्पा काय म्हणाले?" मी म्हणलं, "पप्पा हो म्हणाले." ती म्हणाली, "बरं." झालं. मी दुसरा भात वाढला.

त्याच आठवड्यात मी कुरडयांना गहू भिजत घातले होते. तीन दिवस पाणी बदलायचं, वाटायचं, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा अन् ऊन चढायच्या आत सोऱ्यानं गच्चीवर घालायच्या. स्नेहा सुटी काढून आली होती. मरीका पहाटे साडेपाचला हजर, तिला बघायचं होतं. गरम चीक साखर-तूप घालून वाटीत दिला तर तीन वाट्या खाल्ल्या बाईनं. तोंडभरून म्हणाली, "हे खूप चांगलं आहे." मिठाच्या भाजीचं मी त्या दिवशी माफ करून टाकलं.

कुरडया घातल्यावर कावळे-चिमण्या हाकलायला कोणीतरी वर बसावं लागतं. जुनी साडी बांधून सावली केली होती, तिथं स्नेहा अन् मरीका बसायच्या. चार दिवस. मी खाली स्वयंपाकात, पाहुण्यांच्या तयारीत, भिंती पुसण्यात. वरून कधी हसण्याचा आवाज यायचा, कधी काहीच नाय. मला वाटायचं, मराठी शिकवतेय. एकदा स्नेहा खाली पाणी न्यायला आली तर डोळे लाल. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "ऊन लागलं." मी म्हणलं, "डोक्याला रुमाल बांध." अन् पुन्हा भिंत पुसायला लागले.

रविवार आला. पाहुणे अकराला येणार म्हणाले होते. आता अकरा म्हणजे साडेबारा-एक, हे लहान पोरालाही कळतं. पण आमच्या ह्यांनी आदल्या दिवशी यान-मरीकाला सांगितलं होतं, "उद्या या तुम्ही पण, स्नेहाचे पाहुणे येणार हायत." बोलायची पद्धत हाय ती. समोर राहतात, सांगितलं नाय तर वाईट दिसतं, म्हणून म्हणायचं या, अन् त्यांनी म्हणायचं हो हो, अन् यायचं नाय. ही दोघं अकराला एक मिनिट कमी असताना दारात. यान इस्त्रीच्या शर्टात, मरीका कॉटनच्या साडीत, कोणाकडून नेसून घेतली होती कोण जाणे. माझे केस अजून ओले, हे बनियनवर. बसवलं बैठकीत. लाईट गेलेली. दोन तास दोघं खुर्चीवर ताठ बसून घाम पुसत होती, अन् यान दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता. मी स्वयंपाकघरातून बघून बघून वैतागले. चतुराबाई म्हणाली, "ह्यांना घालव." मी म्हणलं, "कशी घालवू? तुझ्या भावानं बोलावलंय."

एकला पाहुणे आले. मंगलाबाई, रविराज, त्याचा मामा अन् त्यांच्या गावातली दोन माणसं. फॉरेनर बघून मामा खूश झाला, यानशी हात मिळवला, त्याच्याबरोबर फोटो काढला. सरबत झालं. स्नेहा पोह्यांचा ट्रे घेऊन आली, खुर्चीवर बसली. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का. सगळं खाली मान घालून नीट सांगितलं पोरीनं. रविराजबी चांगला वाटला, बिचारा तिच्याइतकाच घाबरलेला. मंगलाबाई म्हणाल्या, "पुढं शिकायचं असेल तर शिक बाई, आम्ही कुठं नाय म्हणतोय. आधी घरात रुळायला एखादं वर्ष, मग बघू." सगळे हसले. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मरीका बोलली. मोठ्यानं, एकेक शब्द नीट लावून.

"माफ करा. मला एक सांगायचं आहे. स्नेहाला आत्ता लग्न करायचं नाही. तिला जुलैमध्ये कॉलेजमध्ये जायचं आहे. तिनं मला सांगितलं. मला वाटतं, हे तुम्हाला माहीत पाहिजे."

मामाचा पोह्यांचा चमचा हवेतच. मी दारात उभी होते, मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. मामानं ह्यांच्याकडं बघितलं. "काय कारभारी, खरं का हे?"

अन् आमचे हे म्हणाले, "हो हो, तसं काही नाय."

ह्याचा अर्थ कोणी काय लावायचा? मामानं मग स्नेहालाच विचारलं. स्नेहा फरशीकडं बघत म्हणाली, "नाही, तसं काही नाही. त्यांची समजण्यात चूक झाली." मरीका तिच्याकडं बघतच राहिली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. यानला काही कळलं नव्हतं, तो सगळ्यांकडं बघून हसत होता.

पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले अन् गेले. चतुराबाईनं डोक्याला हात लावला. "परक्या माणसाला घरात घेतलं की असंच होणार," म्हणाली. "एवढं चांगलं स्थळ. आता पंचक्रोशीत बोंब." मी चपला घातल्या अन् भर तीनच्या उन्हात समोरच्या घरात गेले.

मरीका साडीतच खुर्चीवर बसली होती. खिडक्या नेहमीसारख्या उघड्या. मी दारातूनच सुरू झाले. म्हणलं, "तुला काय अक्कल हाय का नाय? पोरीच्या जन्माचा प्रश्न अन् तू पाहुण्यांसमोर तोंड उघडलंस. आमच्यात असं बोलत नसतात."

ती म्हणाली, "मग कधी बोलतात?"

"आधी घरात बोलतात. आईबापाशी बोलतात."

"ती बोलली का तुमच्याशी?"

"बोलायचं असतं तर बोलली असती की. माझी पोरगी हाय ती. तुझ्याशी चार दिवसांची ओळख अन् तुला सांगते, मला नाय सांगत, असं होईल का?"

मरीकानं साडीचा पदर नीट केला. शब्द शोधत होती बहुतेक. मग म्हणाली, "शकूताई, ती गच्चीवर रडत होती. मी विचारलं, तुला हे लग्न पाहिजे का? म्हणून तिनं सांगितलं. तुम्ही विचारलं होतं का?"

मला आठवलं, मी भात वाढत होते. मी म्हणलं होतं, येतायत. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. बापाचं हो कळायला मला पंचवीस वर्षं लागली असतील, पण कळतं. पोरीचं 'बरं' ऐकून मी दुसरा भात वाढला. अन् डोळे लाल दिसले तर म्हणाले, रुमाल बांध.

मरीकाला मी तशीच सोडून आले. सॉरीबी म्हणले नाय, मला इतका राग होता, पण आता तो कोणावर हाय हेच समजेना.

घरी आले तर चतुराबाई निघून गेलेली, अन् हे ओट्यावर फोन घेऊन हसत बसलेले. म्हणाले, "अगं, मंगलाबाईंचा फोन आला होता. पोरगी पसंत हाय म्हणाल्या. म्हणतात, ती गोरी बाई काय बोलली ते आम्ही मनावर घेतलं नाय, पोरी लाजतात अशा. शनिवारी सुपारी फोडायला येऊ का म्हणाल्या."

"मग तुम्ही काय म्हणलात?"

"काय म्हणणार? हो म्हणलं."

मी आत गेले. स्नेहा स्वयंपाकघरात खाली बसून पाहुण्यांच्या बशा घासत होती. मी तिच्यासमोर बसले. म्हणलं, "स्नेहा, मरीका खरं बोलली का?"

ती म्हणाली, "जाऊ दे आई. पप्पांनी हो म्हटलंय ना."

"पप्पांचं सोड. तुला विचारतेय."

"लोक काय म्हणतील, आत्या काय म्हणेल."

"आत्याचं मी बघते. तुला पाहिजे का नको?"

बशी तिच्या हातात तशीच राहिली. मग हळू म्हणाली, "तो मुलगा वाईट नाही गं. त्या काकूही चांगल्या आहेत. पण मला नको आहे. मला शिकायचंय. एक वर्ष रुळायला, मग बघू म्हणाल्या ना त्या, ते 'मग' कधी येत नाही, आई." अन् बशीतल्या पाण्यातच रडायला लागली.

ते 'मग' कधी येत नाय, हे मला कोणी शिकवायला नको. माझं लग्न दहावीच्या सुटीत झालं. बारावी करायची म्हणलं तर माझ्या सासूबाईंनी अश्शीच मान हलवली होती, कर की, कोण नको म्हणतंय. मी पंचवीस वर्षं वाट बघितली नाय, कारण दुसऱ्याच वर्षी विसरून गेले. विसरायचंच असतं ते.

बाहेर येऊन ह्यांना म्हणलं, "फोन लावा अन् सांगा, पोरीला नको हाय." हे म्हणाले, "हो हो, सांगू उद्या." आभाळाकडं बघत. मग उठले, मोटर बघून येतो म्हणाले अन् निघाले. मी म्हणलं, फोन ठेवून जा. ठेवला.

मला वाटलं, काय अवघड हाय. मी फटकळ, मी एका वाक्यात सांगीन. नंबर लावला. मंगलाबाईंनी उचलला अन् एवढ्या गोड आवाजात म्हणाल्या, "बोला ताई. आम्ही आत्ताच पोचलो बघा, लय ऊन लागलं." अन् मी काय बोलले असेन? मी म्हणाले, "ऊन तर काय, यंदा फारच हाय. पाणी प्यालात का नीट? आमच्याकडं उगाच उशीर झाला तुम्हाला, लाईट पण नव्हती." मग त्यांच्या विहिरीला पाणी किती, आमच्या बोअरला किती. त्यांची भावजय आजारी होती, तिची चौकशी केली. पाच मिनिटं झाली. त्या म्हणाल्या, "मग शनिवारचं नक्की ना?"

अन् माझ्या तोंडून निघालं, "हो हो."

ऐकलं मी स्वतःचंच. माझी नजर समोरच्या भिंतीवर होती, पालीवर. मागं बशा धुवायचा आवाज थांबला होता. स्नेहा दारात येऊन उभी राहिली असणार, तिचा पदर नाय, तिच्या बांगड्या नाय, नुसता तिचा श्वास मला कळत होता.

मी म्हणलं, "थांबा मंगलाबाई. नाय. शनिवारी येऊ नका. पोरीला आत्ता लग्न करायचं नाय."

मग म्हणाल्या, आवाज बदललेला, "ताई, आम्ही उन्हातान्हात आलो, पाच माणसं. हे आधी कळवायचं असतं. पोरीला नको का तुम्हाला नको?"

"तिला. घर चांगलं हाय तुमचं, मुलगाबी चांगला हाय. तिनं आधीच सांगितलं असतं. मी तिला विचारलंच नव्हतं."

त्या 'बरं' एवढंच म्हणाल्या अन् फोन ठेवून दिला. मी मात्र तो कानाला तसाच धरून भिंतीकडं तोंड करून उभी राहिले, कारण मागं वळले असते तर स्नेहाकडं बघावं लागलं असतं.